बँकरप्सी फाइल केली की सेकंड मॉर्गेज उडतं का?

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. ग्रीन कार्ड आहे. मोठी मुलगी अकरावीत, धाकटा सातवीत. घराची किंमत आज साधारण ५,६०,००० डॉलर. पहिल्या मॉर्गेजचे ४,१०,००० बाकी आहेत. २०२२ मध्ये बेसमेंट करून घ्यायला आणि थोडं यांच्या धंद्यासाठी हेलॉक (घराच्या तारणावरचं दुसरं कर्ज, म्हणजेच सेकंड मॉर्गेज) काढलं, त्याचे ९०,०००. पुढे धंदा बसला, यांची नोकरीही गेली. दोन महिन्यांपूर्वी नवी लागली, पण पगार बराच कमी. पहिल्या कर्जाचा हप्ता आम्ही एकदाही चुकवला नाही; हेलॉकचे मात्र ९ हप्ते थकलेत, महिना ९५० प्रमाणे. फोरक्लोजर करू, म्हणजे कर्जापोटी घर लिलावात काढू, असं बँकेचं पत्र आलंय. क्रेडिट कार्डांचे ६८,००० आणि माझ्या भावाकडून घेतलेले १५,००० आणखी वेगळे. कॅलिफोर्नियातला यांचा मित्र म्हणतो, "बँकरप्सी फाइल करा. सेकंड मॉर्गेज उडतं, घर राहतं. माझं २०१० मध्ये तसंच झालं." हे खरं आहे का? पुण्यात हे आणि सासरे अशा दोघांच्या नावावर एक फ्लॅट आहे. तो आधीच दिरांच्या नावावर करून टाकावा का? भावाचे पैसे आधी देऊन मोकळं व्हावं का? की ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, मोडून हेलॉक फेडावं? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.
– एक वाचक, एडिसन

नमस्कार. तुमच्या शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण त्यात घाईने काही करून बसलात तर ते निस्तरणं कठीण जातं. फ्लॅट कुणाच्याही नावावर करू नका. भावाचे पैसे आत्ता परत देऊ नका. ४०१(के)ला हात लावू नका. का, ते पुढे येईलच.

आता मित्राचं बोलणं. तो खोटं बोलत नाही, पण त्याचं २०१० आणि तुमचं आजचं यात मोठा फरक आहे. त्या वेळी घरांच्या किमती इतक्या कोसळल्या होत्या की अनेकांच्या घराची किंमत पहिल्या कर्जापेक्षाही खाली गेली होती. दुसऱ्या कर्जाच्या मागे घराचा एक डॉलरही उरला नव्हता. अशा परिस्थितीत चॅप्टर १३ मध्ये (बँकरप्सीचा हप्त्याहप्त्याने फेडण्याचा प्रकार) कोर्ट ते दुसरं कर्ज घरापासून सोडवून देऊ शकतं. याला लिएन स्ट्रिपिंग म्हणतात. कॅलिफोर्निया ज्या अपील कोर्टाखाली येतं त्याने २००२ मध्येच याला मान्यता दिली होती. मित्राने बहुधा हेच केलं असणार. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर थर्ड सर्किट या दुसऱ्या अपील कोर्टाखाली येतात. तिथेही २००० सालच्या मॅकडॉनल्ड विरुद्ध मास्टर फायनान्शियल या निकालापासून हाच नियम आहे. म्हणजे वाट तुमच्या राज्यातही उघडी आहे. अडचण आहे ती तुमच्या घराच्या किमतीची.

आकडे मांडून बघा. घर ५,६०,०००. त्यातून पहिलं कर्ज ४,१०,००० वजा केलं की १,५०,००० उरतात. हेलॉक ९०,०००चं. म्हणजे तुमचं हेलॉक घराच्या किमतीने पुरतं झाकलेलं आहे, वर ६०,००० शिल्लक आहेत. स्ट्रिपिंगसाठी घराची किंमत ४,१०,०००च्या खाली असायला हवी. आणि इथे कायदा फार काटेकोर आहे. समजा घर ४,११,०००चं ठरलं, तर हेलॉकच्या मागे घराचे फक्त १,००० डॉलर उरतात. तरीही बँकेचा सगळा ९०,०००चा हक्क जसाच्या तसा राहतो, त्यातला एक पैसाही कापता येत नाही. हे १९९३ च्या नोबलमन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं. तिथे एका जोडप्याच्या डॅलसमधल्या काँडोवर ७१,३३५ डॉलरचं कर्ज होतं आणि काँडोची किंमत २३,५०० राहिली होती. त्यांनी म्हटलं, किमतीएवढंच कर्ज घराला लावा, बाकीचं कार्डांच्या देण्यासारखं धरा. कोर्ट नाही म्हणालं. राहत्या घरावरचं कर्ज किमतीने थोडं जरी झाकलेलं असेल तरी त्याला हात लावता येत नाही. म्हणून स्ट्रिपिंगचा विचार तुम्ही आत्ताच सोडून द्या. "ॲप्रेझल (घराच्या किमतीचा अंदाज) कमी करून आणतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्या दारातही उभ्या राहू नका.

मग बँकरप्सीने हेलॉकचं होतं तरी काय? चॅप्टर ७ आणि चॅप्टर १३ मध्ये याचं उत्तर वेगवेगळं आहे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती नीट समजून घ्या. हेलॉक घेताना तुम्ही दोन कागदांवर सह्या केल्या. एकावर लिहिलंय की हे पैसे आम्ही फेडू. दुसऱ्याने बँकेला घरावर हक्क दिलाय आणि तो काउंटीच्या दफ्तरी नोंदवलेला आहे. गावी सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, तसाच हा घरावरचा बोजा. बँकरप्सी पहिल्या कागदातली तुमची वैयक्तिक जबाबदारी पुसते. दुसऱ्या कागदाला ती आपणहून हात लावत नाही.

चॅप्टर ७ मध्ये हे अगदी उघड दिसतं. फाइल केल्यापासून साधारण चार महिन्यांत डिस्चार्ज, म्हणजे देण्यांच्या जबाबदारीतून सुटका, मिळतो. कार्डांचे ६८,००० जातात. हेलॉकची बँकही त्यानंतर तुम्हाला फोन करू शकत नाही, तुमच्यावर पैशाचा दावा लावू शकत नाही, पगारातून कापून घेऊ शकत नाही. पण बोजा घरावर तसाच बसलेला असतो, आणि हप्ते आले नाहीत तर बँक घर लिलावात काढू शकते. पूर्वी फ्लोरिडा-जॉर्जियाकडे काही कोर्टं चॅप्टर ७ मध्येही पूर्ण बुडालेलं दुसरं मॉर्गेज सोडवून देत असत. १ जून २०१५ रोजी बँक ऑफ अमेरिका विरुद्ध कॉल्केट या निकालात सुप्रीम कोर्टाने तेही बंद केलं. तेव्हा "सेव्हनमध्ये सेकंड उडवून देतो" असं आज कुणी सांगत असेल तर तो एक तर जुनं वाचून बोलतोय किंवा तुम्हाला फसवतोय.

तुमच्यासाठी चॅप्टर ७ ची खरी अडचण थकलेल्या ९ हप्त्यांची आहे. फाइल केल्याक्षणी ऑटोमॅटिक स्टे लागतो आणि सगळी वसुली, फोरक्लोजरसुद्धा, थांबते. पण चॅप्टर ७ मध्ये थकबाकी हप्त्याहप्त्याने भरण्याची सोयच नाही. बँक स्टे उठवून घ्यायला अर्ज करते किंवा डिस्चार्जपर्यंत थांबून पुन्हा सुरुवात करते. ज्यांचे दोन्ही हप्ते वेळेवर चालू आहेत आणि फक्त कार्डांनी घेरलंय, त्यांना चॅप्टर ७ चांगलं. तुमचं तसं नाही.

तरीही चॅप्टर ७ कडे वळलात, तर बँक कदाचित रीअफर्मेशन ॲग्रीमेंट पुढे करेल. त्याचा अर्थ, पुसली जाणारी जबाबदारी तुम्ही स्वतःहून पुन्हा डोक्यावर घेता. घर राखायला हे करावंच लागतं असं नाही. राहत्या घराचे हप्ते भरत राहिलात तर बँक ते घेऊ शकते आणि तुम्ही राहू शकता. फक्त ते हप्ते बहुधा तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसत नाहीत. सही करून बसलात आणि पस्तावलात, तर करार कोर्टात दाखल झाल्यापासून ६० दिवस किंवा डिस्चार्ज मिळेपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत, ती मागे घेता येते. ९०,००० डॉलरच्या हेलॉकवर अशी सही तुम्ही करू नये असं मला वाटतं.

आणखी एक, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. डिस्चार्जनंतर अनेकदा दुसऱ्या कर्जाची स्टेटमेंटं येणं बंद होतं. ऑनलाइन खातं उघडत नाही. घरच्यांना वाटतं, संपलं एकदाचं. २००८ नंतर हजारो घरांत असंच झालं. बँकांनी ती कर्जं कवडीमोलाने वसुली कंपन्यांना विकली आणि त्या कंपन्या वर्षानुवर्षं गप्प राहिल्या. घरांच्या किमती वर आल्यावर त्याच घरांवर फोरक्लोजरच्या नोटिसा आल्या, वर साठलेल्या व्याजासकट. अशा कर्जांना इथे झॉम्बी मॉर्गेज म्हणतात. स्टेटमेंट आलं नाही म्हणजे बोजा उतरला असं नसतं. बोजा उतरल्याची नोंद काउंटी क्लर्ककडे असते, तिथे बघायचं.

आता चॅप्टर १३, जे मला तुमच्या परिस्थितीला जास्त जवळचं वाटतं. यात तुम्ही तीन ते पाच वर्षांचा प्लॅन कोर्टापुढे ठेवता आणि दरमहा ट्रस्टीकडे (प्रकरण सांभाळायला नेमलेला माणूस) ठरलेली रक्कम भरता. तारण असलेलं देणं १५,८०,१२५ डॉलरपर्यंत आणि बिनतारणी ५,२६,७०० पर्यंत चालतं (१ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा). तुम्ही दोन्हींच्या बऱ्याच आत आहात. हेलॉकची थकबाकी या प्लॅनमध्ये टाकता येते. ९ गुणिले ९५० म्हणजे ८,५५०. पाच वर्षांवर वाटले तर महिना सुमारे १४३ डॉलर. वर लेट फी आणि बँकेच्या वकिलाचा खर्च लागेल. त्याच वेळी पहिल्या मॉर्गेजचा आणि हेलॉकचा चालू हप्ता नेहमीसारखा भरत राहायचा. हे जमलं तर बँकेला तुमचं घर विकता येत नाही. शेरीफच्या लिलावात घर विकलं जाण्याआधी कधीही हे करता येतं, पण मी म्हणेन तिथवर वाट बघू नका. न्यू जर्सीत फोरक्लोजर कोर्टातूनच होतं, त्याला वेळ लागतो. पण प्रत्येक महिन्याला थकबाकी आणि वकिलांचा खर्च चढत राहतो आणि प्लॅनचा हप्ताही तितकाच फुगतो.

न्यू जर्सीच्या बँकरप्सी कोर्टात लॉस मिटिगेशन प्रोग्रॅमही आहे. त्यात हेलॉकच्या बँकेला कोर्टाच्या देखरेखीखाली तुमच्याशी बोलायला बसवता येतं. व्याज कमी करणं, मुदत वाढवणं, थकबाकी मूळ कर्जात मिसळणं, असं काही निघू शकतं. बँक हो म्हणेलच असं नाही, पण हे विचारल्याशिवाय राहू नका.

आता पुण्याचा फ्लॅट. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटलेली गोष्ट हीच. इथल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो: पुण्यातला फ्लॅट, गावच्या जमिनीतला हिस्सा, आईने दिलेले दागिने, एनआरई ठेवी, कधीची तरी एलआयसी पॉलिसी. लोकांना वाटतं, तिकडचं इथे कशाला? कायदा म्हणतो, मालमत्ता कुठेही असो आणि कुणाच्याही ताब्यात असो, ती दाखवायची. बँकरप्सीचे फॉर्म तुम्ही शपथेवर भरता. नंतर ट्रस्टी समोर बसवून विचारतो, "अमेरिकेबाहेर काही आहे का?" तिथे नाही म्हटलं आणि नंतर बाहेर आलं, तर डिस्चार्ज नाकारला जाऊ शकतो. मालमत्ता जाणूनबुजून लपवणं हा फेडरल गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. दिरांच्या नावावर करणं हा त्याहून वाईट मार्ग. दोन वर्षांच्या आतली अशी हस्तांतरणं ट्रस्टी रद्द करायला मागू शकतो, राज्याच्या कायद्याने त्याही मागे जाता येतं. फाइल करण्याआधी एका वर्षात देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण चॅप्टर ७ चा डिस्चार्जच बुडवू शकतं. दीर बिचारे विनाकारण गुंततील ते वेगळंच.

फ्लॅट दाखवल्याने तो जाईलच असं मात्र नाही. समजा यजमानांच्या अर्ध्या हिश्शाची किंमत ४०,००० डॉलर निघाली. चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी त्याच्या मागे लागू शकतो, कारण सूट, म्हणजे कायदा तुमच्याकडे राहू देतो तेवढी मालमत्ता, बहुतेक तुमच्या राहत्या घरातच संपते. न्यू जर्सीत तुम्हाला फेडरल कायद्यातली सूट घेता येते. राहत्या घरासाठी माणशी ३१,५७५, दोघांनी मिळून फाइल केलं तर ६३,१५०. तुमची घरातली शिल्लक ६०,०००, ती त्यात बसते. म्हणजे एडिसनचं घर ट्रस्टीकडून सुरक्षित, पण फ्लॅटसाठी फारसं उरत नाही. चॅप्टर १३ मध्ये फ्लॅट विकावा लागत नाही. त्याऐवजी, चॅप्टर ७ मध्ये कार्डवाल्यांना जेवढं मिळालं असतं निदान तेवढं पाच वर्षांत त्यांना द्यावं लागतं. ४०,००० भागिले ६० महिने, म्हणजे महिना सुमारे ६६७. त्यात हेलॉकच्या थकबाकीचे १४३ आणि ट्रस्टीचा वाटा (तो १० टक्क्यांपर्यंत असतो) धरला तर महिना ९००च्या आसपास. वकिलाची फी निराळी, तीही बरीचशी प्लॅनमधून देता येते. नव्या पगारात दोन्ही मॉर्गेज भरून हे ९००-१००० निघतात का, हा तुमचा खरा प्रश्न. यजमानांबरोबर एक संध्याकाळ बसा आणि किराणा, इन्शुरन्स, मुलांच्या फिया सगळं मांडून बघा.

फ्लॅटचे सगळे पैसे सासऱ्यांनीच भरले असतील आणि मुलाचं नाव फक्त सोयीसाठी घातलं असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. खरेदीखत, इंडेक्स २, सासऱ्यांच्या बँकेच्या नोंदी मागवून घ्या. हिस्सा नावापुरताच आहे असं मांडता येतं. पण ते आधी फ्लॅट दाखवून, मगच. सासरे वयस्कर असतील तर हेही लक्षात ठेवा की फाइल केल्यानंतर १८० दिवसांत वारशाने काही आलं तर तेही या प्रकरणात येतं.

४०१(के) सोडा म्हटलं ते एवढ्यासाठी की बँकरप्सीत त्याला कुणी हात लावू शकत नाही. तो मोडलात तर कर लागेल, वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुधा १० टक्के दंडही लागेल, आणि हातात आलेले उरलेसुरले पैसे हेलॉकमध्ये जातील. म्हाताऱ्या वयाची पुंजी एका थकबाकीवर घालवू नका. कष्टाने जमवलेली ही पुंजी मोडून शेवटी घरही गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

चॅप्टर १३ चा प्लॅन अर्ध्यात मोडला तर काय, हेही आत्ताच जाणून ठेवा. केस डिसमिस झाली की संरक्षण जातं, बँक जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू करते. म्हणून न झेपणारा प्लॅन कागदावर कितीही छान दिसला तरी त्यावर सही करू नका. पाच वर्षं फार ओढाताणीची होणार असतील तर घर विकण्याचा विचारही मनात येऊ द्या. तुमच्या घरात आज ६०,०००ची शिल्लक आहे. विकण्याचा खर्च जाऊन काही हातात राहील, हेलॉक पूर्ण फिटेल, आणि मुलीची बारावी होईपर्यंत त्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये भाड्याने राहता येईल. यात हरल्यासारखं काही नाही. फोरक्लोजरच्या लिलावात तेच घर गेलं तर ही शिल्लक बहुधा दिसणारही नाही. हेलॉकची बँक कमी पैशात तडजोड करायला तयार झाली तर लेखी घ्या आणि कराचं विचारून घ्या. बँकरप्सीबाहेर माफ झालेल्या रकमेचा १०९९-सी हा टॅक्सचा फॉर्म येतो आणि ती रक्कम उत्पन्न धरली जाऊ शकते. बँकरप्सीत माफ झालेल्या देण्यावर तो कर लागत नाही.

आता करायचं काय? या आठवड्यात बँकरप्सीचंच काम करणाऱ्या दोन अटर्नींना भेटा. पहिली भेट अनेकजण फुकट देतात. फाइल करण्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त क्रेडिट काउन्सेलिंग करावं लागतं, ते ऑनलाइन होतं. कोर्टाची फी चॅप्टर १३ साठी ३१३ डॉलर, चॅप्टर ७ साठी ३३८. मागच्या सहा महिन्यांच्या पे-स्टब, दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, दोन्ही कर्जांची शेवटची स्टेटमेंटं आणि बँकेचं ते पत्र बरोबर न्या. मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी उत्पन्नावर बरंच काही ठरतं. यजमानांची नोकरी नुकती लागलीय, म्हणून कोणत्या महिन्यात फाइल करायचं हे अटर्नीला मुद्दाम विचारा. फाइल करायला नागरिक असावं लागत नाही. तरी ग्रीन कार्डवर आहात, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाशीही एकदा बोलून घ्या.

राहिला तुमचा भाऊ. एरवी देणेकऱ्याला दिलेले मागच्या ९० दिवसांतले पैसे ट्रस्टी परत मागू शकतो, पण नातलगांच्या बाबतीत ही मुदत पूर्ण एक वर्ष आहे. आज त्याला १५,००० दिलेत तर उद्या ट्रस्टी ते त्याच्याकडून वसूल करू शकतो. त्याचे पैसे देणं आहे, म्हणून फाइल करताना त्याचं नाव देणेकऱ्यांच्या यादीत घालावंच लागेल, आणि त्याच्या घरी कोर्टाची नोटीस जाईल. ती पोचण्याआधी त्याला स्वतः फोन करून सगळं सांगा. डिस्चार्जनंतर तुमच्या कमाईतून तुम्ही त्याला स्वखुशीने पैसे परत दिलेत, तर कायदा आड येत नाही. हेही त्याला त्याच फोनमध्ये सांगा.